सव्वादोन तासांचा सिनेमा, पाच तासांची बैठक

वरणभात_तूप (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी सिंहगडाचा बेत पावसाने धुऊन काढला आणि आम्ही सहा जण माझ्या घरी, कर्वेनगरात, ओले बूट गॅलरीत ओळीने लावून अडकलो. सगळे कॉलेजपासूनचे मित्र, आता पंचेचाळिशीच्या आसपास. पत्त्यांचा मूड कुणाचाच नव्हता आणि राजकारणावर बोलायचं नाही हा ठराव २०१९पासून लागू आहे. मग कुणीतरी म्हणालं, एखादा टुकार इंग्रजी सिनेमा लाव. टुकार म्हणजे नक्की कसा, यावर पंधरा मिनिटं काथ्याकूट झाला आणि शेवटी 'द कोअर' लागला. २००३ सालचा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबतो. का, तर लष्कराने कृत्रिम भूकंप घडवणारं गुप्त शस्त्र बनवलंय. गाभा थांबला म्हणून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कोसळायला लागतं. बॉस्टनमध्ये पेसमेकरवाली माणसं चालता चालता पडतात, लंडनच्या ट्रफाल्गर चौकात कबुतरं वेड्यासारखी माणसांवर आणि काचांवर आदळतात, रोमच्या कलोसियमच्या विजा पडून ठिकऱ्या उडतात. उपाय? सहा माणसं एका लांबलचक गांडुळासारख्या यानात बसून समुद्राच्या तळातून आत घुसणार, गाभ्यात अणुबाँब फोडणार आणि त्याला पुन्हा फिरवणार. बंद पडलेल्या रिक्षाला धक्का मारतात ना, तसंच. फक्त धक्का आत बसून मारायचा.

आमच्यातला एक जण कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. तो असल्यामुळे नियम असा ठरला: ज्याला आक्षेप घ्यायचाय त्याने 'थांबव!' ओरडायचं, सिनेमा थांबेल, पण प्रत्येक वेळी दहा रुपये लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचे. फोनवरून पैसे पाठवणं चालणार नाही, रोकडाच. पहिल्या वीस मिनिटांत मास्तरचे सुट्टे संपले. मग शंभरची नोट टाकून त्याने दहा आक्षेपांचा पास काढला.

सगळ्यात मोठा 'थांबव' प्रावरणातल्या (कवच आणि गाभा यांच्या मधल्या थरातल्या) गुहेला झाला. यान शेकडो मैल खोल चाललेलं असतं आणि अचानक एका प्रचंड पोकळीत पडतं. भिंतींना घराएवढे जांभळे स्फटिक. मंडळी पोशाख चढवून बाहेर फिरायला उतरतात! मास्तर उभाच राहिला. म्हणाला, "अरे, जांभळी गारगोटी मी रोज मुलांना दाखवतो. आपल्या बेसाल्टमध्ये ती सापडते, पण का? लाव्हा जमिनीवर येऊन थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक वाढले. हे वरच्या वर होतं. तेवढ्या खोलीवर खडक कणकेसारखा वाहतो. तिथे पोकळी राहील कशी? हात घाल कणकेत आणि काढ, भोक राहतं का बघ!"

यावर आतून माझ्या आईचा आवाज आला, "घट्ट मळली असेल तर राहतं."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. भजी तळून झाल्यावर ती येऊन बसली ती उठलीच नाही. आम्ही हसत होतो आणि ती जीव मुठीत धरून बघत होती. एका प्रसंगात मध्येच म्हणाली, "एवढे खोल गेलेत, यांना घाम कसा येत नाही रे?" मास्तरने तिला हात जोडले. पुढे तो फ्रेंच शास्त्रज्ञ यानाच्या डब्यात अडकून चेपून मरतो तिथे तिने डोळ्यांना पदर लावला. आम्ही सगळे गप्प. त्या पाच तासांत कुणीही 'थांबव' न म्हणता गेलेली तेवढीच काय ती मिनिटं.

आता मुद्दा. माझं मत असं की मूर्ख सिनेमाने चेहरा गंभीर ठेवला पाहिजे. हल्ली मुद्दाम टुकार काढलेले सिनेमे येतात, दर दोन मिनिटांनी आपल्याला डोळा मारतात की बघा, आम्हीपण किती बावळट आहोत. ते मित्रांबरोबर बघायला अजिबात मजा येत नाही, कारण आपण मारायचे विनोद त्यांनीच मारून टाकलेले असतात. 'द कोअर'मध्ये एकही नट हसत नाही. हिलरी स्वँकला याआधी एक ऑस्कर मिळालेलं होतं, नंतर आणखी एक मिळालं, आणि मधल्या काळात ती इथे स्पेस शटल (अंतराळयान) लॉस एंजेलिसच्या नदीच्या कोरड्या काँक्रीट पात्रात उतरवते. पूर्ण निष्ठेने!

तुमचे असे सिनेमे, अशा बैठकी सांगा. पृथ्वीच्या पोटातलेच हवेत असं नाही.

उंटावरचा_शहाणा

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). 'घट्ट मळली असेल तर राहतं' याला दंडवत. आईंना माझा नमस्कार सांगा.

मीही हा सिनेमा हॉस्टेलवर बघितलाय, बाराजण एका चौदा इंची मॉनिटरसमोर. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात होती, आज तुमच्या धाग्यामुळे कागदावर मांडली. गाभा थांबला म्हणतात. बरं, मग त्याचं फिरणं गेलं कुठे? ते हवेत विरत नाही. आतला भाग थांबला तर त्याचा संवेग बाहेरच्या भागाला मिळणार. गाभ्याचं जडत्व-आघूर्ण (म्हणजे फिरणं बदलायला होणारा विरोध) बाकीच्या पृथ्वीच्या साधारण तेरा टक्के आहे. म्हणजे प्रावरण आणि कवच तेवढ्या टक्क्यांनी जोरात फिरायला लागेल आणि आपला दिवस चोवीस तासांऐवजी सव्वाएकवीस तासांच्या आसपास येईल. सिनेमात कबुतरं आपटतात, पण जगातली सगळी घड्याळं रोज पावणेतीन तास चुकतायत हे एकाही शास्त्रज्ञाच्या लक्षात येत नाही!

दुसरं, बाँब. सगळे मिळून हजार मेगाटन नेतात. फिरत्या गाभ्यात जी ऊर्जा असते तिच्यापुढे हे पाच-सहाशे कोटी पटींनी कमी पडतं. रिक्षाचं उदाहरण द्यायचं तर तुम्ही धक्का मारत नाही आहात, रिक्षावर एक मुंगी बसलीय. तीही लहान.

नमिळेनियम

हा आयडी आत्ताच याच धाग्यासाठी घेतलाय. यानाचं कवच ज्या धातूचं असतं त्याचं नावच सिनेमात 'अनऑब्टेनियम'! उष्णता आणि दाब जितका वाढेल तितकी त्यातून वीज मिळते म्हणे. अभियंत्यांमधला हा जुना विनोद आहे. जे काम करायला हवं ते करणारा पदार्थ जगात मिळतच नसला की त्याला हे नाव द्यायचं. इथे त्यांनी तो विनोद उचलून थेट यानाला लावला. पुढे २००९मध्ये 'अवतार'मध्येही हेच नाव वापरलं.

मराठीत काय म्हणायचं? मी 'नमिळेनियम' सुचवतो.

काकू_ऑनलाइन

अप्राप्यम.

उंटावरचा_शहाणा

'उद्यादेतोयम'. आमचा सुतार याच धातूची कपाटं करतो.

सह्यकडा

धागालेखक, मतभेद नोंदवतो. सिनेमा इतकाही गंभीर नाही. तो हॅकर पोरगा आठवा, रॅट. च्युइंगगमच्या कागदाने फोनमध्ये शिट्टी वाजवतो आणि म्हणतो, घ्या, या फोनवरून आता जन्मभर एसटीडी फुकट. मोबदला म्हणून सरकारकडे 'झीना' या टीव्ही मालिकेच्या कॅसेटी आणि खायला हॉट पॉकेट मागतो. आणि यान तीन महिन्यांत बांधायला काय लागेल असं विचारल्यावर तो वाळवंटातला शास्त्रज्ञ पन्नास अब्ज डॉलर म्हणतो, तर समोरचा विचारतो की चेक चालेल का! हे लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते पक्कं माहीत होतं. तोही डोळा मारतोयच, फक्त सभ्यपणे.

वरणभात_तूप

@सह्यकडा, डोळा पात्रं एकमेकांना मारतात, आपल्याला नाही. फरक आहे. पण क्रेडिट कार्डवर घ्या, विमानप्रवासाचे पॉइंट मिळतील, हे वाक्य मात्र मान्य. आमच्यातला बँकवाला तिथे 'थांबव' ओरडला आणि कार्डाच्या मर्यादेवर दहा मिनिटं बोलला. दहा रुपये वसूल.

स्पष्टवक्ता_२

एवढे शिकलेले लोक पाच तास असला कचरा बघतात आणि वर त्यावर धागा काढतात. विज्ञानात रस असेल तर चांगले माहितीपट आहेत. मुलं असं बघून चुकीचं शिकतात.

काकू_ऑनलाइन

@स्पष्टवक्ता, माझा अनुभव उलटा आहे. मुलाला भूगोलात कवच, प्रावरण, गाभा पाठ होत नव्हतं. बाह्य गाभा द्रव आणि आतला घन, हे तर तो दर वेळी उलटं लिहायचा. हा सिनेमा दाखवला, शेजारी पुस्तक उघडं ठेवलं आणि सांगितलं, चुका शोध, एका चुकीला एक चॉकलेट. यान समुद्राच्या सगळ्यात खोल भागातून, मारियाना गर्तेतून घुसतं, म्हणजे वाट वाचते. त्याने गणित केलं. गर्ता अकरा किलोमीटर, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. म्हणाला, "आई, हे म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाताना गेटपर्यंत चालत गेलो तर तिकीट स्वस्त पडेल का, असं झालं." चॉकलेटं बावीस गेली. दात किडले ते वेगळं.

कऱ्हाडचा_पाव्हणा

भारी धागा. खोदकामाचा विषय निघालाय तर आमच्याकडची गोष्ट सांगतो. कोयना परिसरात सरकारी शास्त्रज्ञांनी खरोखरच खोल भोक पाडलंय, गोठणे गावाजवळ, सुमारे ३ किलोमीटर. कऱ्हाडला त्यांची प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७चा भूकंप ६.३चा होता. आमचे आजोबा सांगायचे, पहाटे भांडी मांडणीवरून खाली आली आणि गोठ्यातल्या म्हशी दावं तोडून पळाल्या. धरणाच्या पाण्याचा आणि या भूकंपांचा संबंध काय, ते खडकात उतरून बघायचं म्हणून हे भोक.

वरचा साधारण एक किलोमीटर आपला काळा बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. ३ किलोमीटर म्हणजे काय थोडं वाटतं, पण त्यासाठी किती खटाटोप, किती वर्षं! आणि ही मंडळी शुक्रवारी निघून रविवारी गाभ्यात.

रशियाच्या कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत लोकांनी १९७०मध्ये सुरुवात करून १९८९पर्यंत १२,२६२ मीटर गाठले. तळाशी १८० अंश, त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. खडक चिकट होऊन भोक बुजायला लागलं आणि थांबावं लागलं. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक कवचसुद्धा ओलांडत नाही. म्हणजे आईंचा घामाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता.

निशिगंधा_अ

मी हा सिनेमा ह्यूस्टनमध्ये थिएटरात पाहिला, आला त्याच आठवड्यात, मार्च २००३च्या अखेरीस. तिथे शिकत होते. तुम्ही सगळे ज्या शटलच्या प्रसंगाला हसताय तिथे आमचं थिएटर एकदम शांत झालं होतं. १ फेब्रुवारीला नासाचं खरं कोलंबिया शटल परत येताना तुटलं, त्याला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. कल्पना चावला त्यात होती. टेक्सासच्या शेतांमधून, जंगलातून तेव्हाही तुकडे शोधत होते. पडद्यावर शटल भरकटतं, पण सुखरूप उतरतं, सगळे जगतात. माझ्या बाजूला बसलेल्या बाई रडत होत्या. बाकीचा सिनेमा मला नीट आठवत नाही.

मागच्या वर्षी पुन्हा पाहिला, मैत्रिणींबरोबर, तेव्हा मात्र भरपूर हसलो. कबुतरांना बघून एक जण म्हणाली, दादरला कबुतरखान्याजवळ राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही.

वरणभात_तूप

@निशिगंधा, हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं.

अलिबागवरून_आलोय

शेवटी आमची पाळी आली. 'अलिबागसे आया है क्या' म्हणणाऱ्या समस्त मुंबईकरांना सांगतो, पृथ्वीच्या गाभ्याला काही झालं तर ते पहिल्यांदा कळणाऱ्या जागांपैकी एक अलिबाग आहे. समुद्रकिनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४पासून. त्याआधी हे काम कुलाब्याला चालायचं, १८४१पासून. १८५९मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं, त्याची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया हलतील म्हणून सगळं बिऱ्हाड खाडीपलीकडे आमच्याकडे आणलं. इमारत बांधतानाही लोखंड वापरलं नाही.

माझे एक काका तिथे कामाला होते. लहानपणी आम्हाला गंमत वाटायची, कामावर जाताना खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवायच्या. तर सिनेमात जगभरचे शास्त्रज्ञ कबुतरं मरेपर्यंत झोपलेले असतात, हे मला व्यक्तिशः लागलं. काकांनी सकाळी आठला पाहिलं असतं आणि साडेआठला कळवलं असतं!

उंटावरचा_शहाणा

आणि कळवल्यावर पलीकडून उत्तर आलं असतं, अलिबागसे आया है क्या?

अलिबागवरून_आलोय

😀 मेलो.

मास्तर_खडकवाले

नमस्कार. धाग्यातला मास्तर मीच. धागालेखकाने माझी यथेच्छ बदनामी केलीये म्हणून खास सदस्यत्व घेतलं. कणकेचं उदाहरण मी अजूनही मागे घेत नाही, धागालेखकाच्या आईंची कणीक फारच घट्ट असते एवढंच.

एक दुरुस्ती. सिनेमाचा मूळ दोष खोदकामात नाही, तिथे सगळेच हसतात. चूक याच्यात आहे की चुंबकीय क्षेत्र गेलं की वर्षभरात सगळे मरणार. क्षेत्र तयार होतं ते बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड ढवळलं जातं त्यामुळे. हा थर २८९० किलोमीटरच्या खाली सुरू होतो. त्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे हे आपल्याला १९३६ला इंगे लेहमान नावाच्या डॅनिश बाईंनी भूकंपलहरींवरून दाखवलं, एक मीटरही न खोदता. ढवळणं समजा थांबलंच, तरी क्षेत्र दिवा मालवल्यासारखं जात नाही, ओसरायला हजारो वर्षं लागतात. आणि सिनेमात सॅन फ्रान्सिस्कोचा पूल सूक्ष्मलहरींनी वितळतो, पण सूक्ष्मलहरींना चुंबकीय क्षेत्र अडवतच नाही! ते अडवतं विद्युतभारित कणांना.

आणि उत्तर-दक्षिण उलटीपालटी होणं ही नेहमीची गोष्ट आहे. शेवटची ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. तुम्ही लोक दर रविवारी जे कातळ चढता, त्यातला सह्याद्रीचा बराचसा बेसाल्ट ६.६ कोटी वर्षांच्या आसपास थिजलाय आणि तेव्हा ध्रुव उलटे होते. खडकाने ती दिशा आत जपून ठेवलीय. महाबळेश्वरच्या माथ्याजवळ गेलात की ती पुन्हा आजच्यासारखी झालेली सापडते. मी विद्यार्थ्यांना घाटात थांबवून हे सांगतो, ते मागे उभं राहून स्ट्रॉबेरी खातात.

सिनेमा पुन्हा बघणार का? हो. पास काढून.

सह्यकडा

मास्तर, पुढच्या महाबळेश्वर सहलीला मी येतो. स्ट्रॉबेरी नंतर.

स्पष्टवक्ता_२

मास्तरांचा प्रतिसाद वाचनीय. पण तो सिनेमाविना देखील लिहिता आला असता.

काकू_ऑनलाइन

आला असता. पण लिहिला असता का?

चहाबाज

उशिरा आलो. आमच्या टोळीचा लघुग्रहवाला आहे, १९९८चा 'आर्मगेडन'. टेक्सास राज्याएवढा लघुग्रह आणि जगाला तो अठरा दिवस आधी कळतो. एवढा मोठा असता तर महिनोन्‌महिने आधी साध्या दुर्बिणीतून दिसला असता. त्यावर भोक पाडायला तेलविहिरी खणणाऱ्यांना अंतराळवीर बनवतात. त्यातला नट बेन ॲफ्लेक याने डीव्हीडीवरच्या समालोचनात सांगितलंय की त्याने मायकल बेला विचारलं, अंतराळवीरांनाच खणायला शिकवणं सोपं नाही का? त्यावर दिग्दर्शकाने त्याला गप्प बसायला सांगितलं. आमच्या बैठकीत हा प्रश्न विचारणाऱ्याला चहा करायला पाठवतात.

जाता जाता, आता नासाने खरंच एका लघुग्रहावर यान आदळवलंय, २६ सप्टेंबर २०२२ला. साधारण १६० मीटरचा, दुसऱ्या एका लघुग्रहाभोवती फिरणारा. फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती ती ३२ मिनिटांनी कमी झाली. ना ड्रिलवाले, ना बाँब. बघायला कंटाळवाणं, पण काम झालं.

वरणभात_तूप

सगळ्यांचे आभार. बरणीचा हिशेब बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलाय म्हणून इथेच देतो. एकूण एकेचाळीस 'थांबव', ४१० रुपये. त्यातले २३० एकट्या मास्तरचे. रविवारी सकाळी मिसळ खाल्ली, त्यात ६० रुपये कमी पडले, ते बँकवाल्याने कार्डावर भरले. पॉइंट मिळाले म्हणे.

चहाबाजांचा सिनेमा येत्या शनिवारी ठरलाय. आईने विचारलंय की त्यातही कुणी मरतं का, म्हणजे ती आधीच भजी तळून घेईल आणि मध्ये उठावं लागणार नाही.